लिंबच्या विहिरीचं इराणी कूळ

इराणच्या सहलीत काशानची फिन बाग पाहिली आणि मला राहून राहून लिंबची बारा मोटांची विहीर आठवत राहिली. फिनमध्ये सुलेमानिया झऱ्याचं पाणी निव्वळ उतारावर खेळतं, पंप कुठेच नाही. मधल्या मंडपाच्या पोटातून ते वाहतं आणि माणसानं वर बसून ते पाहावं अशी सोय आहे. साताऱ्याजवळच्या लिंबला अशीच सोय तर आहे!

पाटांनी चार भाग केलेली बाग बाबरानं हिंदुस्थानात रुजवली आणि ती ताजमहालापर्यंत पोचली, हे सर्वांना ठाऊक आहे. दख्खनची वाट मात्र निराळी. अहमदनगरचा फराहबाग 1583 मध्ये पुरा झाला. त्यात तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल आहे. विजापूरची ताज बावडी 1620 ची. तिच्या कमानीच्या दोन्ही अंगांना अष्टकोनी बुरूज आणि पाण्याभोवती उतरायला ओवऱ्या. मिरज तेव्हा आदिलशाहीतच, साताऱ्याचा किल्लाही तिचाच. पाण्यापाशी बसायची ही कल्पना कृष्णेच्या खोऱ्यात यायला आग्र्याचा वळसा घ्यायची गरज नव्हती.

लिंबची विहीर वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. सुमारे 110 फूट खोल, 50 फूट व्यासाची, आणि अष्टकोनी. दगडी जिना उतरून गेलं की विहिरीला जोडूनच छोटा महाल लागतो. खांबांवर गणपती, हनुमान, हत्ती, घोडेस्वार कोरलेले. वर मोटा ओढायच्या जागा. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर येणार, थारोळ्यात रिती होणार आणि पाणी पाटानं आमराईला जाणार. आंब्याची झाडं तीनशेच्या आसपास होती असं सांगतात.

गावात विचाराल तर ही रचना शिवलिंगाची. वरून पाहिलं तर तशी दिसतेही, आणि त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण शिवलिंगाला बैठकीचा महाल लागत नाही. दुसरा दावेदार गुजरात: 1499 ची अडालजची वाव (पायविहीर), तिथेही अष्टकोन, सज्जे, कोरीवकाम. हा दावा भक्कम आहे. तरी वाव ही मुख्यतः वाटसरूंनी उतरून पाणी प्यावं, विसावा घ्यावा यासाठी. लिंबचं पाणी बागेसाठी. विहीर छत्रपती शाहू महाराजांच्या राजवटीतली; ते 1689 ते 1707 मोगलांच्या छावणीत वाढले, तिथून ही आवड आली असंही म्हणता येईल. पण छावणी तंबूंची. दगडात बांधलेला नमुना विजापूरला होता. माझं मत विजापूरच्या बाजूनं.

इराणात पाणी डोंगरावरून येतं, म्हणून बागेचा मंडप जमिनीवर. लिंबला पाणी खोल, ते उपसावं लागतं. म्हणून मंडपच पाण्यापाशी खाली उतरला. फराहबागात अष्टकोन पाण्यात उभा केला, इथे अष्टकोनाच्या पोटात पाणी आहे. गवंड्यांनी नक्कल केली नाही, कल्पना आपल्या जमिनीला बेतली. साताऱ्याच्या दगडकामात याहून मोठी करामत मला माहीत नाही.

पर्यटक विहिरीत डोकावून, फोटो काढून परततात. थारोळ्यांपासून निघालेले पाट शिवारात कुठे कुठे जात होते, हे सातारा-सांगलीच्या स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी जागेवर मोजून कागदावर उतरवावं. विहीर जपली जाते आहे. तिची बागही नकाशावर यायला हवी.