एका घरातले पैलवान

मधल्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा टेबलाशी आला. "सर, आपल्यात टॅग टीमची कुस्ती का नसते?" टीव्हीवरच्या, आता मोबाईलवरच्या, इंग्रजी कुस्त्या त्याला तोंडपाठ होत्या. तिथं दोन भाऊ मिळून एक बाजू होतात. एक आत लढतो, दुसरा दोरीबाहेर उभा राहतो. आतला दमला की हात पुढं करतो, बाहेरच्यानं त्याला हात लावला की तो बाहेर आणि हा आत. कुठं बाप-लेक, कुठं चुलत भाऊ, अख्खं खानदानच त्या धंद्यात. मी त्याला सांगितलं, बाबा रे, आपल्याकडं जोड लागते ती एकाची एकाशी. हलगी वाजली, मातीला हात लावून सलामी झाली, की हौद्यात भाऊ नाही आणि बापही नाही.

उत्तर बरोबर होतं, पण घरी जाताना ते पुरेसं वाटेना.

आमच्या घरात बडे अब्बा पैलवान होते आणि अब्बा नव्हते. अंगकाठी दोघांची सारखीच. पण माणदेशातलं घर, जमीन कुसळाची, दावणीला एकच म्हैस. दूध एकालाच पुरायचं. थोरला म्हणून ते बडे अब्बांना मिळालं आणि धाकटा दुसऱ्याच्या बागेत पाणी धरायला गेला. बडे अब्बा पंचक्रोशीतल्या उरूस-जत्रांत नारळावरच्या कुस्तीपासून वर चढत दोन-चार आकड्यांच्या इनामापर्यंत पोचले, आणि गुडघा गेला तिथं थांबले. अब्बांना मी एकदा विचारलं होतं, वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, "वाईट काय? त्यांची कुस्ती असली की माझ्याच पोटात गोळा यायचा." आपल्याकडं एक पैलवान तयार होतो तेव्हा घरातलं कुणीतरी दोरीबाहेर उभं असतंच, फक्त त्याला आत यायची पाळी मिळत नाही. बदाम, तूप, दूध ही खुराकाची यादी तुम्ही कधी हिशेबाच्या वहीत मांडून बघा. लहान शेतकऱ्याच्या घरात दोन पैलवान एका वेळी का होत नाहीत ते लगेच कळेल.

आणि तरीही काही घरांनी हे करून दाखवलं. त्यांतलं सगळ्यांत मोठं घर गामा आणि इमाम बक्ष या भावांचं. मूळ पंजाबचे, काश्मिरी वंशाचे. १९१० मध्ये हे दोघे भाऊ बरोबरच लंडनला गेले. गामानं अमेरिकेच्या डॉ. रोलरला पाडलं, इमामनं स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला. सप्टेंबरात पोलंडचा झिबिस्को गामासमोर आला आणि दोन तासांहून जास्त वेळ बहुतेक मातीला, म्हणजे तिथल्या गादीला, चिकटून राहिला. कुस्ती निकाली झाली नाही. पुढच्या तारखेला तो आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळात पुन्हा जोड लागली, तेव्हा गामानं त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं. गामाचं नाव एवढं मोठं की धाकटा इमाम त्याच्या सावलीत गेला. खरं तर गामाशी लढायचं तर आधी इमामला पाडा, असा तो प्रकार होता. थोरल्याच्या दारात उभा असलेला धाकटा.

या इमामचं आपल्या मुलखाशी नातं आहे. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, रोमचं जुनं प्रेक्षागार त्यांनी पाहिलं, आणि कोल्हापुरात परतल्यावर तसंच गोल, कुठूनही कुस्ती दिसेल असं मैदान बांधायचं मनात घेतलं. ते खासबाग. १९१२ मध्ये ते खुलं झालं, तेव्हाची पहिली मोठी कुस्ती इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. ज्या मैदानाला आपण मराठी कुस्तीची पंढरी म्हणतो, त्याची माती पहिल्यांदा या दोघांच्या अंगाला लागली. महाराजांना त्यात काही वेगळं वाटलं नसावं. त्यांच्या पदरी पंजाबचे मल्ल होते, इथली पोरं त्यांच्याकडून डाव शिकत होती.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळं इथं थोडा आडवाटेला जातो. पैलवान, कुस्ती, जोर, खुराक, मैदान हे शब्द फारसीतून आले. वस्ताद म्हणजे आपला उस्ताद. इनाम आणि सलामी अरबी. तालीम हा शब्द तर मला रोजच भेटतो, उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. बी.एड. करून मी जी तालीम देतो ती खडूची, वस्ताद देतो ती मातीची. पण लंगोट, माती, बैठक, गदा हे इथले शब्द. तालमीच्या भिंतीवर मारुतीची तसबीर असते आणि तिच्यासमोर शेखांचं, मुल्लांचं, मुलाण्यांचं पोर जोर मारत असतं. बडे अब्बा मातीत उतरताना 'या अली' म्हणायचे, पण तालमीतली उदबत्ती लावायची पाळी त्यांची आली तर तीही लावायचे. यावर कुणी फतवा काढला नाही आणि कुणी सत्कारही केला नाही. हल्ली अशा गोष्टींचा सत्कार होऊ लागलाय, ते मला फारसं चांगलं लक्षण वाटत नाही.

फाळणीनंतर गामाचं घर लाहोरला राहिलं. इमामचे मुलगे, भोलू, अस्लम, अक्रम, आझम, गोगा, हे भोलू बंधू म्हणून गाजले. सगळे भाऊ व्यवसायानं पैलवान. खेळ बदलत होता. मातीऐवजी रिंग, इनामाऐवजी तिकीट, आणि परदेशी पैलवानांशी फ्रीस्टाईल. आपल्याकडं मुंबईत त्याच काळात दारासिंग आणि त्याचा धाकटा भाऊ रंधावा यांनी वल्लभभाई पटेल स्टेडियम भरवून टाकलं होतं. माझ्या विद्यार्थ्याला हवी असलेली टॅग टीम आपल्या देशात तेव्हाच येऊन गेली होती. खेड्यातले लोक एसटीनं, रेल्वेनं ती बघायला जायचे आणि परत येऊन "सगळं खोटं असतं" म्हणायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा जायचे.

भोलूंच्या घरावर मात्र नावाचं ओझं फार झालं. १९७६ च्या डिसेंबरात जपानचा अंतोनियो इनोकी कराचीत आला. अक्रम तेव्हा सेहेचाळीसच्या आसपासचा. इनोकीनं त्याचा हात असा पिळला की खांदाच निकामी झाला. घराण्याची अब्रू गेली असं सगळ्यांनी ठरवलं, आणि ती परत आणायचं काम अस्लमच्या मुलावर, झारावर पडलं. पोरगा विशीचाही नव्हता. १९७९ च्या जूनमध्ये लाहोरात तो इनोकीसमोर उभा राहिला. पाच फेऱ्या झाल्या, निकाल लागला नाही, शेवटी इनोकीनं स्वतःच त्याचा हात वर केला. सगळ्या शहरानं तो विजयच मानला. १९९१ मध्ये झारा गेला, वय तीस-एकतीस. काकाचा बदला घेणारा पुतण्या ही गोष्ट सिनेमासारखी सांगतात, पण मी बाप आहे आणि शिक्षक आहे, मला त्यात विशीच्या आतलं एक पोर दिसतं, ज्याला 'तुला काय व्हायचंय' असं विचारायला बहुधा कुणाला सवड झाली नसेल.

आता आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं घर. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं बोरामणी, दुष्काळी पट्टा, आमच्या माणसारखाच. महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून सुरू झाली. १९८० मध्ये ती बोरामणीच्या इस्माईल शेखनं आणली. बारा वर्षांनी, १९९२ मध्ये, त्याच घरात अप्पालाल शेखनं. आणि २००२ मध्ये त्याच घरातल्या मुन्नालाल शेखनं. एका घरात तीन गदा. बावीस वर्षांचा हा काळ साधा नव्हता, त्यात १९९२-९३ ची ती थंडीही येते. त्या दिवसांत आमच्यासारख्या किती घरांतून पोरांना 'लवकर घरी ये' एवढंच सांगितलं जायचं, आणि गावोगावच्या मैदानांच्या जाहिरातींवर मात्र अप्पालाल शेखांचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं. लोक ते वाचून ट्रॅक्टर भरून जायचे. २०२३ मध्ये मोहोळचा सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला. त्याचे वडील स्वतः कुस्ती खेळलेले, पुढं हमाली करून त्यांनी पोराचा खुराक चालवला. म्हणजे पुन्हा तेच, एकाची पाठ पोत्याखाली आणि एकाची मातीवर लागू नये म्हणून.

बोरामणीचं हे सगळं मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी फळ्यावर वर्ष लिहून सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "पण सर, हे तर बारा वर्षांनी हात लावतात." वर्ग हसला. मीही हसलो, आणि वर्षं पुसायच्या आधी त्याला वहीत उतरवून घ्यायला लावली.

परवा आमच्या गावच्या उरुसाला कुस्त्या होत्या. त्याचा धाकटा भाऊ नारळावरच्या जोडीत उतरला आणि दीड मिनिटात चीत झाला. हा कडेला त्याची पँट, चप्पल आणि पाण्याची बाटली घेऊन उभा होता. मला बघून त्यानं मान फिरवली. मी पुढं सरकलो, कारण त्या वेळी कुठल्याही सरांनी काही न बोललेलंच बरं असतं. मोठ्या कुस्त्या सुरू व्हायला अजून वेळ होता आणि हलगीवाला हलगी शेकायला जाळाकडं निघाला होता.