नानकिंग, जिनिव्हा आणि मुंबई : चीनमधील नागरी हत्याकांडास भारतीय जनतेचा प्रतिसाद (१९३७–१९४२)

प्रस्तावना

युद्धात सैनिक मरतात, हे मानवी इतिहासाने फार पूर्वीच गृहीत धरले आहे. परंतु निःशस्त्र नागरिकांची मोठ्या प्रमाणावर हत्या होत असता दूरच्या देशांचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न विसाव्या शतकात विशेष तीव्रतेने पुढे आला. या प्रश्नाची चर्चा बहुधा राष्ट्रसंघ, संयुक्त राष्ट्रे, महासत्ता व न्यायाधिकरणे यांच्या अनुषंगाने केली जाते. ज्या समाजांना स्वतःचे सार्वभौम राज्यच नव्हते, त्यांनी अशा प्रसंगी काय केले, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात १९३७ नंतर जपानी आक्रमणाखाली सापडलेल्या चिनी नागरिकांना भारतीय, विशेषतः मुंबई व महाराष्ट्रातील जनतेने दिलेल्या प्रतिसादाचा विचार केला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र मराठी वाचकांस परिचित आहे. येथे ते चरित्र पुन्हा सांगण्याचा हेतू नसून, त्या प्रतिसादाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा तपासण्याचा हेतू आहे.

राष्ट्रसंघ : निषेधाची भाषा

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलापाशी झालेल्या चकमकीतून चीन-जपान युद्धास तोंड फुटले. ऑगस्टपासून शांघाय, नानकिंग, कँटन आदी शहरांवर जपानी विमानांनी बाँबवर्षाव केला. चीनने राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. २८ सप्टेंबर १९३७ रोजी संघाच्या सभेने उघड्या शहरांवरील बाँबहल्ल्यांचा निषेध करणारा ठराव संमत केला. ६ ऑक्टोबरच्या ठरावाने जपानने करारभंग केल्याचे मान्य केले, चीनला नैतिक पाठिंबा दिला आणि आपण चीनला किती साहाय्य करू शकतो, याचा विचार प्रत्येक सदस्य राष्ट्राने स्वतंत्रपणे करावा, असे सुचविले. नोव्हेंबरमधील ब्रुसेल्स परिषदही कोणत्याही उपाययोजनेविना संपली. मांचुरियाच्या प्रश्नावरून जपानने १९३३ मध्येच संघ सोडण्याची घोषणा केली होती, त्यामुळे केवळ शब्दांचे त्याच्यावर फारसे दडपण नव्हते.

१३ डिसेंबर १९३७ रोजी नानकिंग पडले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत शरण आलेले सैनिक व सामान्य नागरिक यांची सरसकट कत्तल झाली आणि स्त्रियांवर मोठ्या प्रमाणावर बलात्कार झाले. टोकियो येथील न्यायाधिकरणाने पुढे मृतांची संख्या दोन लाखांहून अधिक मानली. चीनचा अधिकृत आकडा तीन लाखांचा आहे. आकड्यांविषयी मतभेद असले तरी घटनेचे स्वरूप वादातीत आहे. या काळात शहरात मागे राहिलेल्या मूठभर परदेशी व्यक्तींनी एक सुरक्षित क्षेत्र स्थापन केले. त्या समितीचे अध्यक्ष जॉन राबे हे सीमेन्स कंपनीचे जर्मन प्रतिनिधी आणि नाझी पक्षाचे सदस्य होते; शिक्षिका मिनी व्हॉट्रिन यांनी आपल्या महाविद्यालयाच्या आवारात हजारो स्त्रिया व मुलांना आश्रय दिला. त्या क्षेत्रात दोन लाखांहून अधिक लोकांनी आसरा घेतल्याचे मानले जाते. येथे एक गोष्ट स्पष्ट होते : राज्यांनी ठराव केले आणि प्रत्यक्ष आश्रय व्यक्तींनी दिला.

बहिष्कार आणि कापसाचे अर्थकारण

भारत पारतंत्र्यात असूनही राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य होता. मात्र जिनिव्हात बोलणारा भारत हा ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्रतिनिधींचा भारत होता. त्याहून वेगळा आवाज काँग्रेसने उठविला. ऑक्टोबर १९३७ मध्ये कलकत्ता येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीने जपानी आक्रमणाचा निषेध करून जपानी मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या हरिपुरा अधिवेशनाने त्याचा पुनरुच्चार केला.

या बहिष्काराचा अर्थ समजण्यासाठी मुंबईच्या बाजारपेठेकडे पाहणे आवश्यक ठरते. जपान हा भारतीय कापसाचा मोठा ग्राहक होता. १९३३ मध्ये भारत सरकारने परकीय कापडावरील जकात वाढविताच जपानी गिरण्यांनी भारतीय कापूस घेणे थांबविले आणि त्याची झळ कापूस बाजारास बसली. १९३४ च्या व्यापारी करारानुसार जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतल्यास त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड भारतात विकण्याची मुभा मिळाली. म्हणजे जपानी कापड नाकारणे हे वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्याच्या कापसाला गिऱ्हाईक नाकारण्यासारखे होते. उलट मुंबईच्या गिरणीमालकांना तेच लाभदायक होते. ज्याचा लाभ त्याला बहिष्कार नैतिक वाटावा आणि ज्याचे नुकसान त्याला तो परवडू नये, ही अडचण पुढील काळातील प्रत्येक आर्थिक निर्बंधाच्या वाट्याला आलेली आहे. शिवाय सीमाशुल्काचा अधिकार हाती नसलेल्या चळवळीचा बहिष्कार हा आवाहनापलीकडे जाऊ शकत नव्हता.

पाच डॉक्टरांचे पथक

नोव्हेंबर १९३७ मध्ये आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून साहाय्याची विनंती केली. ३० जून १९३८ रोजी सुभाषबाबूंनी वृत्तपत्रांतून जनतेला आवाहन केले आणि ७ ते ९ जुलै या ‘चीन निधी दिनां’तून सुमारे २२ हजार रुपये जमले. या निधीतून वैद्यकीय पथक व रुग्णवाहिका पाठविण्याचे ठरले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे स्पेनमधील यादवी युद्धात प्रजासत्ताक पक्षाच्या बाजूने वैद्यकीय सेवा करून आले होते. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर होते. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक ‘राजपुताना’ या बोटीने मुंबईहून निघाले.

कँटन, हांकौ, चुंगकिंग असा प्रवास करीत पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान येथे पोहोचले. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्ये, तर अटल १९४० मध्ये मायदेशी परतले. बसू १९४३ पर्यंत तेथे राहिले. पथक चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची बातमी येऊनही कोटणीस परतले नाहीत. जानेवारी १९४१ मध्ये कॅनडाचे दिवंगत डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांनी तेथील परिचारिका-शिक्षिका कुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना झालेल्या मुलाचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे ‘भारत-चीन’, असे ठेवण्यात आले. शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक चिनी भाषेत लिहीत असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कोटणीसांच्या सेवेचा काळ व प्रदेश लक्षात घेतला पाहिजे. १९४० च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या चिनी ‘शंभर रेजिमेंट’ मोहिमेनंतर जपानी सैन्याने उत्तर चीनच्या ग्रामीण भागात ‘सर्व मारा, सर्व जाळा, सर्व लुटा’ या नावाने कुप्रसिद्ध झालेले धोरण राबविले. गावे जाळणे, धान्य नष्ट करणे व रहिवाशांना हुसकून लावणे हा त्या धोरणाचा भाग होता. रुग्णालयालाही वारंवार स्थलांतर करावे लागे. म्हणजे नानकिंगनंतर जगाचे लक्ष ओसरले तेव्हा, नागरी संहाराच्या कमी दिसणाऱ्या पर्वात, हा प्रतिसाद टिकून होता.

तथापि, हे पथक तटस्थ नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. ते एका लढणाऱ्या सेनेच्या निमंत्रणावरून गेले, त्या सेनेत सामील झाले, आणि १९४२ मध्ये कोटणीस साम्यवादी पक्षाचे सदस्यही झाले. रेडक्रॉसच्या निःपक्षपातीपणाच्या कसोटीवर हे बसत नाही. परंतु आक्रमक व आक्रांत यांच्यामध्ये तटस्थ राहणे पथक पाठविणाऱ्यांना मान्यच नव्हते. त्यांच्या दृष्टीने चीनचा लढा व भारताचा लढा एकच होता. साहाय्याला राजकीय श्रद्धेचे बळ मिळाल्यामुळेच ते दीर्घकाळ टिकले. त्याच कारणाने ते सर्व पीडितांपर्यंत पोहोचू शकत नव्हते. या दोन्ही बाजू एकत्रच पाहिल्या पाहिजेत.

स्मृतीचा प्रवास

या घटनेला लोकस्मृतीत स्थान मिळाले ते मुंबईतील लेखक व चित्रपटकर्त्यांमुळे. ‘बाँबे क्रॉनिकल’मधील पत्रकार आणि पुढे अनेक दशके जुहू येथे वास्तव्य केलेले ख्वाजा अहमद अब्बास यांनी पथकाच्या कार्यावर १९४४ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यांनी व वसंत साठे यांनी लिहिलेल्या पटकथेवर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट निर्माण केला आणि नायकाची भूमिकाही स्वतःच केली.

या कलाकृतींनी सोलापूरच्या एका डॉक्टरास देशभर पोहोचविले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्यासोबत एक स्थित्यंतरही घडले. स्मृतीच्या केंद्रस्थानी साहाय्यकर्ता आला आणि ज्यांच्यासाठी तो गेला होता, ते चिनी ग्रामस्थ पार्श्वभूमीला गेले. स्वातंत्र्यानंतर या स्मृतीला राजनैतिक मैत्रीचे रूप आले. १९६२ च्या युद्धाने त्या मैत्रीस तडा गेला. पुढे २००६ मध्ये चीनचे अध्यक्ष हू जिंताओ यांनी मुंबईत कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतली तेव्हा तिला पुन्हा उजाळा मिळाला. राज्यांचे संबंध सुधारले की आठवण निघावी आणि बिघडले की ती मिटावी, ही मानवतावादी कृतीच्या स्मृतीची शोकांतिका म्हणावी लागेल.

न्याय आणि कायदा

युद्धोत्तर टोकियो न्यायाधिकरणाने नानकिंगमधील अत्याचार रोखण्यात कसूर केल्याबद्दल जनरल मात्सुई यांना दोषी ठरविले. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांना फाशी झाली. भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल यांनी मात्र भिन्न मतपत्रिकेत सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. अत्याचारांचा पुरावा विपुल असल्याचे त्यांनी नाकारले नाही. परंतु विजेत्यांनी चालविलेल्या खटल्याची वैधता व आरोपींची व्यक्तिगत जबाबदारी त्यांना मान्य नव्हती. वसाहतवादाच्या अनुभवातून एका भारतीयाने चीनच्या बाजूने प्राण वेचले, तर त्याच अनुभवाशी नाते सांगणाऱ्या दुसऱ्या भारतीयाचे मत जपानी आरोपींच्या बाजूस गेले. यावरून ‘भारतीय प्रतिसाद’ एकजिनसी नव्हता, हे दिसते.

संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार संमत केला तो ९ डिसेंबर १९४८ रोजी, म्हणजे कोटणीसांच्या सहाव्या स्मृतिदिनी. भारताने त्यास १९५९ मध्ये मान्यता दिली. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने युद्धकाळातील नागरिकांना संरक्षण दिले. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व स्वीकारले. तरीही मधल्या काळात १९९४ मध्ये रुआंडात सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सी मारले गेले आणि १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात, संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षित क्षेत्रात, सुमारे आठ हजार पुरुष व मुलगे मारले गेले. कायद्याची भाषा समृद्ध झाली; १९३७ च्या जिनिव्हातील शब्द व कृती यांमधील अंतर मात्र पूर्णतः मिटले नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. निषेध, बहिष्कार, निधी व प्रत्यक्ष सेवा या चार प्रकारांपैकी, राज्यसत्ता नसलेल्या समाजास शेवटचे दोनच परिणामकारकपणे साधता आले. त्यांनी हत्याकांड थांबले नाही. परंतु त्यातून जखमींवर उपचार झाले आणि शिकविलेले वैद्यकीय ज्ञान मागे उरले.

२. राजकीय बांधिलकीने साहाय्याला सातत्य दिले आणि त्याच वेळी त्याच्या कक्षा मर्यादित केल्या. आजच्या स्वयंसेवी साहाय्यासमोरही हाच पेच आहे.

३. पीडितांना वगळून जपलेली साहाय्याची स्मृती राजनैतिक गरजांच्या आधीन होते. म्हणून कोटणीसांचे नाव घेताना उत्तर चीनमधील जळालेल्या गावांचा इतिहासही शिकविला जाणे आवश्यक आहे. २२ हजार रुपये जमविणाऱ्या सामान्य लोकांनी ते एका नायकासाठी दिले नव्हते. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते, अशा जखमी माणसांसाठी दिले होते.