लोणी खाणाऱ्या फिनलंडची सवय कशी बदलली? डॉक्टरांपेक्षा दुधाच्या दराचा वाटा मोठा

१९७० च्या आसपास पूर्व फिनलंडमधल्या उत्तर कारेलिया भागात चाळिशी-पन्नाशीतले पुरुष हार्ट अटॅकने जात होते. हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या भागांपैकी हा एक. आणि ही माणसं बैठं काम करणारी नव्हती. लाकूडतोडे, शेतकरी, दिवसभर अंगमेहनत करणारे. पण ताटात लोणी, सायीचं दूध, खारट मांस, भाजी नावापुरती आणि वर सिगारेट.

१९७१ मध्ये तिथल्या लोकांनी सरकारकडे मदत मागितली. १९७२ मध्ये 'उत्तर कारेलिया प्रकल्प' सुरू झाला. त्याचे प्रमुख पेक्का पुस्का तेव्हा तिशीचेही नव्हते. ते स्वतः डॉक्टर होते, पण त्यांनी दवाखान्यावर भर दिला नाही. कारण साधं होतं : अख्ख्या गावाचंच कोलेस्टेरॉल जास्त असेल, तर त्यातले पेशंट कोण म्हणून निवडणार?

मग 'मार्था' या महिला संघटनेच्या मदतीने गावोगावी एकत्र स्वयंपाक सुरू झाला. नेहमीचेच पदार्थ, फक्त मांस कमी आणि भाज्या जास्त. लोकांना पटत होतं. पण घरात पटून काय उपयोग, बाहेरची सगळी व्यवस्था लोण्यावर चालत असताना?

खरी मेख इथेच होती. शेतकऱ्याला दुधाचा दर फॅटवर मिळायचा. आपल्याकडे डेअरीत फॅट-एसएनएफ मोजून दर काढतात, तसाच प्रकार. म्हणजे दूध जितकं स्निग्ध, तितके पैसे जास्त. शिवाय लोण्यात वनस्पती तेल मिसळून विकायला कायद्याने बंदी होती. डेअरीवाल्यांनी प्रकल्पाला विरोध केला, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही केला असता. पोटाचा प्रश्न होता.

पुढच्या काळात एकेक नियम बदलत गेला. दुधाचा दर फॅटऐवजी प्रोटीनकडे झुकला. तेल मिसळण्यावरची बंदी उठली. फिनलंडच्या थंडीत तग धरेल असं रेपसीड (मोहरीच्या कुळातलं तेलबी) तयार झालं, त्यामुळे तेल देशातच मिळू लागलं. दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळायला मदत मिळाली. सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. १९९३ पासून जास्त मीठ असलेल्या पाकिटांवर तसं छापणं सक्तीचं झालं. असा शिक्का आपल्या मालावर कोणाला हवा असणार? कंपन्यांनी स्वतःच मीठ कमी करायला सुरुवात केली.

१९७२ मध्ये बहुतेक घरांत ब्रेडवर लोणीच लावलं जायचं. काही दशकांत ते अपवादाला उरलं. उत्तर कारेलियातल्या ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू साधारण ३५ वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त घटले.

सगळं श्रेय धोरणाला देणं बरोबर नाही. औषधं आणि उपचारही याच काळात सुधारले, धूम्रपानही घटलं. शिवाय एक गमतीशीर अडचण झाली. तुलनेसाठी शेजारचा कुओपिओ प्रांत निवडला होता, जिथे प्रकल्प राबवायचा नव्हता. पण कायदे देशभर लागू झाले, प्रकल्पाचे कार्यक्रम राष्ट्रीय टीव्हीवर दिसू लागले आणि कुओपिओतले मृत्यूही घटले. त्यामुळे फरक नेमका प्रकल्पामुळे किती पडला, यावर संशोधकांचे वाद झाले.