शाळामास्तर आणि दप्तर

इतिहास दरबारी बखरकारांनीच लिहावा, असा एक समज असतो. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी तो खोटा ठरविला. शास्त्रीबुवा मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. तेथे पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील मोडी रुमाल त्यांच्या दृष्टीस पडले आणि नोकरी सांभाळून त्यांनी ते वाचावयास घेतले. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडशः प्रसिद्ध होऊ लागला. छावणीतून धाडलेली पत्रे, स्वाऱ्यांच्या बातम्या, पैशाची विवंचना यांतून उत्तर पेशवाई स्वमुखाने बोलू लागली.

आम्हीही मुलांकडून जन्मभर सनावळ्या पाठ करून घेतल्या. परंतु घरच्या माळ्यावरील मोडी कागदांचे गाठोडे, वाचता येत नाही म्हणून, आम्हीच नदीत सोडले. त्यात काय होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. दोष सर्वस्वी आमचा.

म्हणून ज्ञातिबांधवांस विनंती एवढीच, की वतनाचे, देण्याघेण्याचे, सोयरिकीचे जे कागद घरी असतील ते वाळवीच्या वा रद्दीवाल्याच्या स्वाधीन करू नयेत. मोडी जाणणाऱ्यास अथवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस ते आधी दाखवावेत. आमच्या हातून झाले ते आपल्या हातून न होवो.