डोळ्यातल्या पेशी अंधारात जास्त ‘बोलतात’, असं का?

पेणच्या गणपती कारखान्यांत सगळ्यात नाजूक काम म्हणजे डोळ्यांची आखणी. पांढऱ्या रंगावर बारीक ब्रशने काळी रेघ ओढायची. ती रेघ कारागिराला दिसते, कारण त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, ग्लुटामेट नावाचं रसायन सतत कमी-जास्त सुटत असतं. एका चेतापेशीचा निरोप दुसरीला देणाऱ्या अशा रसायनांना न्यूरोट्रान्समीटर म्हणतात.

उजेड पडला की हे रसायन सुटत असेल, असं आपल्याला वाटतं. होतं नेमकं उलट!

प्रकाश टिपणाऱ्या रॉड आणि कोन पेशींची दारं अंधारात उघडी असतात. त्यातून सोडियम आत येत राहतं आणि पेशीचा विद्युतदाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास राहतो. त्यामुळे पेशीच्या टोकाशी कॅल्शियमची वाट खुली राहते. कॅल्शियम आत आलं की ग्लुटामेटने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीच्या आवरणाला जोडल्या जातात आणि रसायन बाहेर पडतं. प्रकाश पडला की दारं मिटतात, दाब उणे ७०कडे सरकतो, कॅल्शियम घटतं आणि ग्लुटामेटही.

तासन्‌तास हा पुरवठा करणं सोपं नाही. त्यासाठी या पेशींच्या टोकाला ‘रिबन’ असते. ही प्रथिनांची पट्टी, तिच्यावर पिशव्या रांगेत तयार उभ्या. (आपल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशींतही अशीच रिबन सापडते.)

पुढच्या बायपोलर पेशी दोन तऱ्हेच्या. ‘ऑन’ पेशी ग्लुटामेट घटलं की जाग्या होतात, ‘ऑफ’ पेशी ते वाढलं की. मूर्तीच्या डोळ्यातला पांढरा भाग पहिल्या कळवतात, काळी रेघ दुसऱ्या. तिथून निरोप गँग्लियन पेशींकडे आणि दृष्टिचेतेतून मेंदूकडे जातो.

आता हाच कारागीर रात्रीच्या गाडीने पेणहून रोह्याला उतरला, असं समजा. स्टेशनबाहेरच्या अंधारात आधी काहीच दिसत नाही. रॉड पेशींतलं रोडॉप्सिन पुरतं भरून यायला अर्धा तास तरी लागतो. रोडॉप्सिन बनायला ‘अ’ जीवनसत्त्व लागतं. म्हणून तर बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत त्याचे डोस देतात.

पण प्रत्येक रातांधळेपणा या डोसने जात नाही. कॅल्शियमची ती वाट बनवणाऱ्या CACNA1F, म्हणजे ‘सीएसीएनएवनएफ’ जनुकात जन्मजात दोष असेल, तर रॉड पेशी प्रकाश टिपतात, पण निरोप पुढे नीट देत नाहीत. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो. डोळ्याचा पडदा बाहेरून तपासला तर बऱ्याचदा जवळपास ठीकच दिसतो. फरक कळतो तो इलेक्ट्रोरेटिनोग्राम या तपासणीत. आलेखातली पहिली लाट, म्हणजे प्रकाश टिपल्याची खूण, शाबूत असते. निरोप पुढे पोचल्याची दुसरी लाट मात्र खुजी निघते.