किल्ला त्यांचा, किल्ली यांची

किल्ला दिसला की मराठी माणसाच्या छातीत काहीतरी होतं. चढायला लागल्यावर जे होतं ते निराळं. ते डॉक्टरांच्या अखत्यारीतलं. मी म्हणतो ते त्याच्या आधीचं. त्यामुळे लेकीकडे विलायतेला गेलो असताना "बाबा, वेल्समध्ये सहाशेच्या वर किल्ले आहेत" असं तिनं सांगताच माझी मान ताठ झाली. हिनं मुकाट्यानं गुडघ्याला लावायचं तेल पिशवीत टाकलं.

पहिला मुक्काम कॉनवी. गाडीतून उतरतो तो समोरच आठ बुरूज! घाट नाही, चढण नाही, वाटेत ताकवाली नाही.

"हा कसला गड?" मी कुरकुरलो.

"अहो, चढ नाही म्हणून रडणारे तुम्ही पहिलेच!"

आत शिरल्यावर मात्र मी गप्प झालो. 1282 साली वेल्सचा राजपुत्र लिवेलिन मारला गेला आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं हा मुलूख गिळला. गिळलेलं पोटात टिकावं म्हणून त्यानं किनाऱ्याकाठी कॉनवी, कार्नार्व्हन, हार्लेख असे किल्ले ठोकले. कॉनवी 1283 ते 1287 या चार वर्षांत उभा राहिला. शेजारी तटबंदीचं गाव वसवलं, तेही इंग्रजांसाठी. म्हणजे हे किल्ले वेल्समधले खरे, पण वेल्शांचे नव्हेत. वेल्शांच्या छातीवर बांधलेले! रायगडाच्या हिशेबानं छाती फुगवून आलेला मी अवघडलो. इथे अभिमान बाळगायचा तो कुणी?

तिथल्या वेल्श रखवालदाराला तसं विचारलं. त्यानं हसून कमरेचा जुडगा वाजवला. किल्ला त्यांचा, किल्ली आमची! मग 1404 साली ओवेन ग्लिंडूरनं हार्लेख घेतला आणि 1409 पर्यंत राखला, ते त्यानं असं सांगितलं की जणू दोर लावून हाच वर चढला होता. हे किल्ले सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचं नाव 'कादू'. 1984 साली स्थापन झालं. वेल्श भाषेत कादू म्हणजे जपणं. शत्रूनं बांधलेलं, तरी जपणं!

ब्यूमॅरिसचा किल्ला 1295 साली सुरू झाला आणि पैसे आटल्यामुळे अर्धवट राहिला. "आपल्या सोसायटीच्या गच्चीसारखा," ही म्हणाली. पण त्या अर्धवट किल्ल्यातही भिंतीवर एक नाव नाही, एक बदाम नाही. 1986 सालीच हे चारही किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले.

आपले बारा किल्ले त्या यादीत गेले 2025 साली. ती बातमी आली तेव्हा मी पेढे आणले आणि शेजाऱ्यांना 'जपणं' या विषयावर चांगलं अर्धा तास ऐकवलं. ही आत गेली आणि जुना अल्बम घेऊन आली. लोहगड, 1981. लग्नानंतरची पहिली सहल. दरवाजापाशी मी ऐटीत उभा. मागच्या दगडावर कोळशानं काढलेला बदाम आणि त्यात दोन नावं.

शेजारी वाकून म्हणाले, "अक्षर ओळखीचं वाटतंय."

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला.