रावबहादूर ते पद्मश्री : वऱ्हाडातल्या गौरवाची वाटचाल

डिसेंबर १८९७. काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीत भरले होते. अध्यक्ष होते सर शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. त्या काळच्या अमरावतीत वकिलांचे प्रस्थ मोठे, आणि त्यांतली दोन नावे सर्वांत ठळक : खापर्डे आणि मुधोळकर. मुधोळकरांना सरकारने ‘रावबहादूर’ केले. पुढे १९१२ मध्ये बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. टिळकांचे साथीदार खापर्डे मात्र ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणून ओळखले गेले. ही पदवी कोणत्याही राजपत्रात छापली गेली नव्हती, ती लोकांनीच बहाल केलेली.

वऱ्हाडातल्या गौरवाचे हे दोन प्रवाह पुढे बराच काळ शेजारी-शेजारी वाहत राहिले. सरकारी किताब जायचा तो बहुधा आधीच नाव, पैसा किंवा वजन असलेल्या माणसाकडे. लोकांची मोजपट्टी वेगळी होती. कोण तुरुंगात गेला आणि कोण सभेत निर्भयपणे बोलला, हे ते पाहत. नाटककार आणि स्वातंत्र्यसैनिक वामनराव जोशी अमरावतीकरांसाठी ‘वीर’ झाले. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी ‘विदर्भ केसरी’ झाले. त्या पदव्या नावाला अशा चिकटल्या की अनेकांना त्यांच्याशिवाय नुसते नाव ओळखूच येईना.

ज्याला मानच नको होता, त्याचे काय करायचे, हा पेच गाडगेबाबांनी उभा केला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी त्यांचा जन्म झाला. बालपण गेले मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाकडे. म्हणजे अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्हे त्यांच्यावर हक्क सांगू शकतात. बाबा हातात खराटा घेऊन गाव झाडत, रात्री कीर्तन करत आणि लोकांना पाया पडू देत नसत. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला त्यांनी घाट बांधवला, ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे निधन झाले. समाधी अमरावतीत आहे.

हारतुरे नाकारणाऱ्या या माणसाचा सन्मान पुढे वेगळ्याच रीतीने झाला. २००० साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्याचे बक्षीस कुणा एकाला मिळत नाही, ते अख्ख्या गावाला मिळते. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी स्पर्धा व्हायची. पाहणीसाठी समिती येणार म्हटले की गावोगावी लोक खराटे घेऊन बाहेर पडत. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठालाही २००५ मध्ये त्यांचेच नाव मिळाले.

मोझरीच्या गुरुकुंजात आदर दाखवण्याची आणखी एक रीत रुजली आहे. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांना १९४९ मध्ये राजेंद्रप्रसादांनी ‘राष्ट्रसंत’ म्हटले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथीला हजारो गुरुदेवभक्त मोझरीत जमतात आणि त्यांच्या निधनाच्या वेळी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, मौन श्रद्धांजली वाहतात.

शेतकऱ्याच्या वाट्याला गौरव आला तो भाऊसाहेबांमुळे. पापळला २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेले डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९६९ मध्ये, अकोल्यात त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ उभे राहिले. राज्याचा शेतीतला सर्वोच्च ‘कृषिरत्न’ पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जातो. जिथे कधीकाळी रावबहादूर मिरवले, त्याच प्रांतात आता धोतर-टोपीतल्या शेतकऱ्याचा व्यासपीठावर शाल-श्रीफळ देऊन सत्कार होऊ लागला.

दिल्लीचा मानही वऱ्हाडाकडे लवकर आला. पद्म पुरस्कार सुरू झाले १९५४ मध्ये. १९५९ साली डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन पद्मश्री झाले. होमिओपॅथीचा व्यवसाय करणाऱ्या दाजीसाहेबांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन उभारून कुष्ठरुग्णांना औषधाबरोबर काम दिले. कुष्ठसेवेसाठीच ओळखल्या जाणाऱ्या बाबा आमट्यांना पद्मश्री मिळाली ती १९७१ मध्ये, दाजीसाहेबांनंतर बारा वर्षांनी. ज्यांच्या सावलीलाही लोक उभे राहत नव्हते, त्यांची सेवा राष्ट्राने गौरवण्याजोगी ठरली.

त्यानंतर ही रांग मेळघाटापर्यंत पोहोचली. बैरागडला राहून नाममात्र शुल्कात आदिवासींवर उपचार करणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याबद्दल एक हकिकत सांगितली जाते. भेटीला आलेल्या मंत्र्यांनी त्यांना घर बांधून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा स्मिताताईंनी घराऐवजी रस्ते मागितले.

२०१२ आणि २०२४ च्या पद्मश्रींमध्ये एक धागा आहे. २०१२ मध्ये क्रीडा क्षेत्रातला सन्मान मिळाला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या प्रभाकरराव वैद्यांना. १९१४ मध्ये सुरू झालेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. मंडळाचे संस्थापक अंबादासपंत वैद्य. त्यांच्याच नावाचे बालगृह परतवाड्याजवळच्या वझ्झरला आहे, आणि तिथेच अनाथ, मतिमंद, मूकबधिर मुलांना शंकरबाबा पापळकरांनी आपले आडनाव दिले. २०२४ ची पद्मश्री त्यांना मिळाली.

शंकरबाबांची एक मागणी मात्र फार जुनी आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की अनाथ मुलाला बालगृहाबाहेर पडावे लागते. जे स्वतःची काळजी घेऊ शकत नाहीत, त्यांना त्यानंतरही आयुष्यभर तिथेच राहता यावे, असा कायदा देशाने करावा, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पद्मश्री मिळाल्यावर भेटायला येणाऱ्यांपुढेही ते हीच मागणी मांडत राहिले.